राज्यपालांनी विधेयक अडवलं तर विधानसभेच्या हातात काय उरतं?

प्रश्न उमरखेडकडच्या एका गावातून आला आहे. विचारणारी मुलगी गावातल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने व्हेटो वापरला तर तिथली संसद दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढते. आपल्याकडे राज्यपालांनी विधेयक रोखलं तर विधानसभेलाही दोन तृतीयांशच लागतात का? आमच्यात यावरून वाद झाला. अर्धे म्हणतात लागतात, अर्धे म्हणतात राज्यपालांपुढे विधानसभेचं काही चालतच नाही. आणि दुसरं, ग्रामसभेचा ठराव अधिकाऱ्याने नाकारला तर ग्रामसभा तोच ठराव पुन्हा घेऊन त्याला मानायला लावू शकते का?"

बेटा, तुमच्या अभ्यासिकेतले दोन्ही गट चुकले आहेत, पण दोघंही उगीच चुकलेले नाहीत. विधिमंडळ सचिवालयात विधेयकांच्या कामात माझी 26 वर्षं गेली. दर डिसेंबरला कागदांच्या पेट्या मुंबईहून नागपूरला यायच्या आणि त्यांच्यामागे आम्ही. आता दारव्ह्याजवळ गावी राहतो, आणि हाच प्रश्न मला तलाठ्यापासून शाळामास्तरांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी सरळ उत्तर. दोन तृतीयांश लागत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद 200 मध्ये पहिलं परंतुक, म्हणजे "परंतु" म्हणून जोडलेली अट, आहे, ते मूळातून वाच. राज्यपाल विधेयक संदेशासह सभागृहाकडे परत पाठवू शकतात. त्या संदेशात ते सगळ्या विधेयकाचा किंवा त्यातल्या ठरावीक कलमांचा फेरविचार करा असं सांगू शकतात, दुरुस्त्याही सुचवू शकतात. सभागृहाने फेरविचार करून विधेयक दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय पुन्हा मंजूर केलं आणि ते राज्यपालांपुढे पुन्हा गेलं, तर त्यांनी संमती रोखून धरायची नाही. किती मतांनी मंजूर करायचं, हे त्या परंतुकात लिहिलेलंच नाही. लिहिलेलं नसलं की अनुच्छेद 189 लागू होतो: हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत.

याचा अर्थ किती खाली येतो ते बघ. महाराष्ट्र विधानसभेत 288 सदस्य. गणपूर्ती, म्हणजे बैठक चालायला लागणारी किमान हजेरी, एक दशांशाची, म्हणजे 29. तेवढेच सदस्य बसलेले असले आणि सगळ्यांनी मत दिलं, तर 15 मतांनी विधेयक पुन्हा मंजूर होतं. आपल्याकडे विधान परिषदही आहे, तेव्हा तिथूनही ते जावं लागतं. प्रत्यक्षात एवढ्या महत्त्वाच्या दिवशी सभागृह इतकं रिकामं कोणी ठेवत नाही, पण कायद्याचा उंबरठा एवढा ठेंगणा आहे हे ध्यानात ठेव. राज्यपालांची हरकत मोडायला सरकारला पहिल्यापेक्षा एक मतही जास्त जमवावं लागत नाही.

मग दोन तृतीयांश डोक्यात शिरलं कुठून? माझ्या मते आपल्या ग्रामपंचायतीतून. खेड्यातल्या माणसाने मतांचा हिशोब कधी पाहिलेला असतो? सरपंचावर अविश्वास ठराव येतो तेव्हा. तिथे दोन तृतीयांश की तीन चतुर्थांश, यावरून पारावर रात्र-रात्र बोटं मोडली जातात. दुसरा आकडा पाठ्यपुस्तकातला, घटनादुरुस्तीचा. तिसरा अमेरिकेचा. तिन्ही ठिकाणी मोठा आकडा आहे, म्हणून राज्यपालांसारख्या मोठ्या पदाची हरकत मोडायलाही मोठाच आकडा लागत असेल असं माणूस धरून चालतो.

अमेरिकेचं नीट समजून घे, कारण तिथल्या दोन तृतीयांशाबद्दलही पुष्कळ जण चुकीचं पाठ करतात. त्यांच्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातलं सातवं कलम. राष्ट्राध्यक्ष विधेयक हरकती लिहून ज्या सभागृहात ते सुरू झालं तिथे परत पाठवतो. ते सभागृह हरकती नोंदवून घेतं, फेरविचार करतं, दोन तृतीयांशाने मंजूर करून दुसऱ्याकडे धाडतं आणि तिथेही दोन तृतीयांश मिळाले की राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय कायदा होतो. मत कोणी कसं दिलं ते नावानिशी नोंदवावं लागतं. हे दोन तृतीयांश एकूण सदस्यांचे धरायचे नाहीत, मतदान करणाऱ्यांचे धरायचे. 1973 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी युद्धाच्या अधिकारांवर मर्यादा घालणारा ठराव व्हेटोने अडवला होता. तो प्रतिनिधीगृहात 284 विरुद्ध 135 मतांनी मोडला गेला, सिनेटमध्ये 75 विरुद्ध 18 मतांनी. प्रतिनिधीगृह 435 जणांचं. एकूण संख्येवर हिशोब केला तर 290 लागले असते, म्हणजे 284 कमी पडले असते. पण मतं पडली 419, त्यांचे दोन तृतीयांश 280, आणि व्हेटो मोडला. परीक्षेत हा आकडा लिहिलास तर तपासणाऱ्याला कळेल की तुला नियम समजला आहे.

तरी तिथे हे क्वचितच जमतं. पहिला व्हेटो मोडायला 1845 साल उजाडलं, टायलर राष्ट्राध्यक्ष असताना. आजवर अडीच हजारांहून जास्त व्हेटो झाले, त्यातले मोडले गेले सव्वाशेपेक्षाही कमी.

आपल्या घटनाकारांनी उंबरठा इतका खाली का ठेवला? कारण दोन पदांची मुळंच वेगळी. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतो, लोकांचा कौल त्याच्याही पाठीशी असतो, म्हणून त्याचा नकार मोडायला जड माप लागतं. आपल्या राज्यपालांना कोणी निवडून देत नाही. राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात आणि काम त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करायचं असतं. आपण ज्या पद्धतीवरून हे घेतलं त्या ब्रिटनमध्ये राजसत्तेने शेवटचं विधेयक नाकारलं ते 1708 साली, ॲन राणीने. आपला राज्यपाल सभागृहाला "एकदा पुन्हा बघा" असं म्हणू शकतो, एवढंच त्याच्या हातात द्यायचं होतं.

आणि हे आपल्या भागाच्या अनुभवातून आलेलं आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. इंग्रजांच्या 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली नागपूरला मध्यप्रांत आणि वऱ्हाडची विधानसभा भरायची. त्या कायद्याच्या कलम 75 मध्ये गव्हर्नर विधेयक परत पाठवू शकत होता, सभागृहाने फेरविचार करावा असंही लिहिलं होतं, पण सभागृहाने तेच पुन्हा मंजूर केलं तर गव्हर्नरने मान्यता द्यायलाच हवी असं कुठेही नव्हतं. सगळं "त्याच्या विवेकाधीन" होतं. वऱ्हाडातून निवडून गेलेल्या माणसाने दहादा विधेयक मंजूर केलं असतं तरी गव्हर्नर अकराव्यांदा नाही म्हणू शकला असता. संविधानात ते "विवेकाधीन" शब्द गेले आणि "संमती रोखून धरणार नाही" हे शब्द आले. एवढ्या एका ओळीसाठी किती वर्षं लागली याचा विचार कर.

इथपर्यंत ऐकून तुझ्या अभ्यासिकेतला पहिला गट गप्प बसेल. पण दुसरा गट, राज्यपालांपुढे काही चालत नाही म्हणणारा, तो कशावरून तसं म्हणतो तेही सांगतो. त्यासाठी माझ्याच घरची गोष्ट.

वडील गेल्यावर आमच्या वावराचा वारस फेरफार टाकला. कागद पूर्ण होते, बहिणींची संमती होती, धुऱ्यावरून कोणाशी तंटा नव्हता. फेरफाराची नोंद झाली आणि मंजुरीच्या टेबलावर जाऊन थांबली. चौदा महिने. मी स्वतः कायद्याच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस, मला वाटलं नाकारला तर अपील करीन, मुद्दे तयार होते. पण तो नाकारलाच गेला नाही. नाकारण्याचा आदेश नाही म्हणजे आदेशाची तारीख नाही, तारीख नाही म्हणजे अपील कशावर करायचं? मंजूर झाला असता तर सातबारा बदलला असता, नामंजूर झाला असता तर प्रांताकडे गेलो असतो. दोन्हीपैकी काहीच नाही. त्या वर्षी पीककर्जाला सातबारा वडिलांच्याच नावाचा दाखवावा लागला आणि बँकेने परत धाडलं.

विधेयकाचं तंतोतंत असंच होतं. पुन्हा मंजूर करायचा अधिकार विधानसभेला मिळतो तो विधेयक परत आल्यावर. राज्यपालांनी सही केली नाही, परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं, तर सभागृह कशाचा फेरविचार करणार? 288 च्या 288 सदस्य एका बाजूने उभे राहिले तरी परत न आलेल्या कागदावर मतदान घेता येत नाही. माझ्या मते या विषयात समजून घ्यायची गोष्ट ही एकच आहे. मतांची संख्या आपल्याकडे कधीच अडचण नव्हती. अडचण तारखेची आहे.

अमेरिकेकडून शिकायचं असेल तर त्यांचे दोन तृतीयांश बाजूला ठेव आणि त्यांचे 10 दिवस बघ. रविवार सोडून 10 दिवसांत राष्ट्राध्यक्षाने विधेयक परत पाठवलं नाही आणि त्यांची संसद चालू असली, तर ते त्याच्या सहीशिवाय आपोआप कायदा होतं. त्या काळात संसद तहकूब झाली असेल तर मात्र ते मरतं, त्याला ते खिशातला व्हेटो म्हणतात. म्हणजे तिथे घड्याळ लावलेलं आहे. आपल्या अनुच्छेद 200 मध्ये, आणि राष्ट्रपतींसाठीच्या अनुच्छेद 111 मध्येही, परत पाठवायचं ते "शक्य तितक्या लवकर" एवढंच आहे. मूळ मसुद्यात राष्ट्रपतींसाठी सहा आठवड्यांची मुदत होती. 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या दुरुस्तीने तिच्या जागी "शक्य तितक्या लवकर" आलं. त्या वेळी मुदत काढायला हरकत घेणारे सदस्य होते हरि विष्णू कामत, आणि ते संविधान सभेत गेले होते आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडमधून. बाबासाहेबांचा हेतू काम लवकर व्हावं हाच होता, सहा आठवडे लावायचंही कारण नाही असा. पण पुढच्या 75 वर्षांत कामतांची शंका खरी ठरली, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणतो.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघ. 2006 साली लाभाच्या पदाबाबतचं विधेयक राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी संसदेकडे परत पाठवलं. मे महिन्यात परत आलं, जुलैअखेर दोन्ही सभागृहांनी एकही बदल न करता ते पुन्हा मंजूर केलं, ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. त्यांना ते पटलेलं नव्हतं हे उघड होतं. त्यांनी आपलं मत लिहून सांगितलं, संसदेने ऐकून घेतलं आणि आपलंच खरं केलं. यंत्रणा जशी चालायला हवी तशी चालली. त्याच्या उलट 1986 चं टपाल खात्याचं दुरुस्ती विधेयक. लोकांची पत्रं उघडून बघण्याचे अधिकार सरकारला देणारं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. ते कधीच कायदा झालं नाही. विधेयक वाईट होतं, ते अडलं याचं मला दुःख नाही. पण अडवण्याची ती रीत चांगल्या विधेयकालाही तितकीच लागू पडते, म्हणून मला ती मान्य नाही.

राज्यांमध्ये ही रीत गेल्या काही वर्षांत फार वाढली आणि मामला सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर 2023 मध्ये पंजाबच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांना संमती रोखायची असेल तर विधेयक सभागृहाकडे परत पाठवलंच पाहिजे. नुसतं "रोखलं" म्हणून ठेवून देता येणार नाही. त्याच महिन्यात तमिळनाडूत काय झालं ते तारखांसकट लक्षात ठेव. 13 नोव्हेंबरला राज्यपालांनी 10 विधेयकं संमती रोखल्याचं सांगून परत केली. 18 तारखेला विधानसभेने खास बैठक बोलावून दहाच्या दहा जशीच्या तशी पुन्हा मंजूर केली. आता संमती मिळायला हवी होती. 28 तारखेला राज्यपालांनी ती राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवली.

हे राखून ठेवणं म्हणजे वेगळीच वाट आहे, तिच्याकडे लगेच येतो. 8 एप्रिल 2025 रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी निकाल दिला: पुन्हा मंजूर होऊन आलेली ही विधेयकं राष्ट्रपतींकडे पाठवणं बेकायदेशीर होतं, त्या 10 विधेयकांना संमती मिळाली असं धरावं, आणि पुढे राज्यपाल-राष्ट्रपतींनी ठरावीक महिन्यांत निर्णय घ्यावा. त्यावर मे महिन्यात राष्ट्रपतींनी अनुच्छेद 143 खाली सर्वोच्च न्यायालयाला 14 प्रश्न विचारले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 20 नोव्हेंबर 2025 ला मत दिलं. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, आणि पीठातले न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांची वकिलीही नागपूर खंडपीठात झालेली. विदर्भाशी नातं असलेल्या दोन माणसांनी या प्रश्नावर बसावं याचा मला मनापासून अभिमान वाटला.

त्या मताचा मला पूर्ण आनंद झाला असं मात्र म्हणणार नाही. घटनापीठाने सांगितलं की संविधानात मुदत नाही तर न्यायालय ती घालून देऊ शकत नाही, आणि संमती मिळाली असं गृहीत धरणंही संविधानात बसत नाही. म्हणजे एप्रिलच्या निकालातले हे दोन्ही आधार गेले. पण त्याच मतात दोन गोष्टी ठाम आहेत. राज्यपालांना विधेयक सभागृहाकडे न पाठवता नुसतं रोखून ठेवायचा अधिकार नाही. संमती द्या, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवा, किंवा आपलं म्हणणं लिहून परत करा. आणि कारण न देता फार काळ काहीच केलं नाही, तर न्यायालय मर्यादित हस्तक्षेप करून "निर्णय घ्या" एवढं सांगू शकतं. काय निर्णय घ्या ते सांगणार नाही. माझ्या फेरफाराच्या भाषेत बोलायचं तर टेबलावरचा कागद हलवायला लावता येतो, पण महिनाभरात हलवा असं म्हणता येत नाही.

आता ती दुसरी वाट, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवण्याची. अनुच्छेद 201. इथे मात्र विधानसभेचं बळ खरोखर संपतं, आणि तुझ्या दुसऱ्या गटाचं म्हणणं या एका ठिकाणी बरोबर आहे. राष्ट्रपती संमती देतात किंवा रोखतात, किंवा राज्यपालांना सांगतात की संदेशासह सभागृहाकडे पाठवा. सभागृहाने सहा महिन्यांच्या आत फेरविचार करायचा. पुन्हा मंजूर केलं की ते पुन्हा राष्ट्रपतींपुढे जातं. आणि बस. अनुच्छेद 200 मधलं "संमती रोखून धरणार नाही" हे वाक्य 201 मध्ये नाही. दोन्ही अनुच्छेद एकामागोमाग छापलेले असतात, एकात ते वाक्य आहे आणि दुसऱ्यात नाही. पेन्सिलने खूण करून ठेव. गंमत म्हणजे सभागृहाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे आणि राष्ट्रपतींना कसलीच नाही.

या वाटेनेही विधेयक पार होऊ शकतं, पण फार धीर लागतो. केरळचं जमीन सुधारणेचं विधेयक 1959 साली तिथल्या विधानसभेने मंजूर केलं आणि ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं गेलं. मध्येच सरकार बरखास्त झालं, विधानसभा विसर्जित झाली, निवडणूक होऊन नवी सभा आली. 1960 मध्ये राष्ट्रपतींनी विधेयक संदेशासह परत पाठवलं, नव्या विधानसभेने ते मंजूर केलं आणि 1961 च्या जानेवारीत संमती मिळाली. विसर्जनाने ते विधेयक संपलं असा वाद न्यायालयात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1961 मध्ये सांगितलं की सभागृहाने मंजूर करून संमतीसाठी गेलेलं विधेयक सभा विसर्जित झाली म्हणून मरत नाही. हा पुरुषोत्तमन नंबुदिरी खटला. तुमच्या परीक्षेत यावर प्रश्न येण्यासारखा आहे. आपल्याकडचं ताजं उदाहरण शक्ती विधेयकाचं, महिलांवरच्या अत्याचाराबद्दल कडक शिक्षा सांगणारं. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींकडे गेलं, आणि कायदा काही झाला नाही.

मसुदा करणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर म्हणूनच पहिला प्रश्न हा असायचा: यातलं एखादं कलम समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावरच्या, केंद्राच्या कायद्याशी भिडतं का? भिडत असेल आणि आपलंच कलम चालावं असं वाटत असेल, तर अनुच्छेद 254 खाली राष्ट्रपतींची संमती लागतेच, सुटका नाही. उच्च न्यायालयाचे अधिकार कमी होत असतील तर राज्यपालांना राखून ठेवावंच लागतं. पण ज्या कलमाची गरज नाही असं एखादं भिडणारं कलम कोणी हौसेने घातलेलं असायचं, आणि त्या एका कलमापायी आख्खं विधेयक दिल्लीला जायचं. अशी कलमं मी ज्येष्ठांच्या पाया पडून काढायला लावली आहेत. वखरताना मोठा दगड आधी बाजूला काढतात, तसंच ते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही अनुच्छेदात सापडणार नाही. पुन्हा मंजूर करायला ते विधेयक हवं असणारं सरकार शिल्लक असावं लागतं. कुलगुरूंच्या निवडीची पद्धत बदलणारं विद्यापीठ दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं. संमती आली नाही. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि नव्या मंत्रिमंडळाने ते मागे घ्यायचं ठरवलं. विधेयक चांगलं की वाईट यावर तुझ्या घरातही दोन मतं असतील. पण ते सभागृहाच्या मताने पडलं नाही, दिवस गेल्याने पडलं.

तुझा दुसरा प्रश्न ग्रामसभेचा. इथे थोडक्यात सांगतो, कारण उत्तर लहान आहे. अनुच्छेद 200 सारखी तरतूद ग्रामसभेच्या सगळ्या ठरावांना नाही. ठराव पुन्हा घेतला म्हणून गटविकास अधिकाऱ्यावर तो आपोआप बंधनकारक होत नाही. ज्या कायद्याखाली ठराव घेतला, त्या कायद्यात अपील कोणाकडे आहे ते बघावं लागतं. मात्र एका कायद्यात विधानसभेसारखीच रीत आहे, आणि ती आपल्याच भागात कसाला लागली. वनहक्क कायदा, 2006. त्याच्या नियमांत 2012 मध्ये दुरुस्ती झाली, आणि ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर उपविभागीय किंवा जिल्हा समितीने दावा परस्पर फेटाळायचा किंवा बदलायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असं त्यात आलं. बघ, इथेही कळीचा शब्द "परत" हाच आहे.

आणि परत पाठवण्यापलीकडे अडवणूक कशी होते ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला विचार. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, बांबूवर हक्क आला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलात. हक्क गावाचा, सही दुसऱ्याची. ग्रामसभेने माघार घेतली नाही, आणि एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क मिळाल्यापासून परवाना हाती यायला जवळजवळ दोन वर्षं गेली. सामूहिक वनहक्काच्या गावांतल्या पोरांनी विधानसभा-राज्यपाल हा धडा याच गोष्टीवरून शिकावा असं मला फार वाटतं.

शेवटी कामाचं. येत्या हिवाळी अधिवेशनात तुमच्या आमदारांना भेटायला तुम्ही मंडळी नागपूरला जाणार असाल, तर "अमुक विधेयकाचं काय झालं" असं मोघम विचारू नका. तीन तारखा मागा: दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याची, राज्यपालांकडे सादर झाल्याची, आणि संमती, परतीचा संदेश किंवा राखून ठेवल्याची. तिसरी तारीख नसेल तर ती का नाही, हा प्रश्न सरकारला सभागृहात लेखी विचारायला सांगा. आणि अभ्यासिकेतल्या वादात अनुच्छेद 200 आणि 201 फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा, मूळ शब्दांत. वाद तिथेच मिटेल. नाही मिटला तर पुन्हा लिही, सोयाबीन घरात आलं की मला वेळच वेळ आहे.